भाकरीचा सर्वे

त्या वर्षी मी धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजकार्य शिकवत होते. म्हणजे सात महिने शिकवत होते आणि उरलेले पाच महिने पुन्हा बोलावतील का याची वाट बघत होते. अशाच वाट बघण्याच्या दिवसांत पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. खान्देशात घरातल्या मारहाणीवर अभ्यास करायचा आहे, घरोघरी जाऊन बायकांशी बोलणाऱ्या बायका हव्यात. ‘संवेदनशील विषयावरील क्षेत्रकार्य’ हा धडा मी चार वर्षं फळ्यावर लिहून शिकवला होता. क्षेत्रात मात्र एकदाही गेले नव्हते. हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नैतिकतेची सुरुवात अशी झाली.

प्रशिक्षण जळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवस चाललं. बाहेर एप्रिल आणि आत एसी इतका कडक की आम्ही सगळ्याजणी पदर खांद्यावरून लपेटून बसलो होतो. शिकवायला पुण्याच्या मॅडम आल्या होत्या. त्यांची थट्टा करायचा मोह होतो, पण तो मी आवरते. अशाच एका अभ्यासात बोलल्याबद्दल एका बाईला तिच्या घरी पुन्हा मार बसलेला त्यांनी पाहिला होता. त्यामुळे त्यांचे नियम पुस्तकातून आलेले नव्हते, भीतीतून आलेले होते.

नियम असे की गावात खरा विषय कोणाला सांगायचा नाही. ‘महिलांचं आरोग्य आणि घरकाम’ एवढंच म्हणायचं. एका घरातल्या एकाच बाईशी बोलायचं, तेही ती एकटी असताना. खरे प्रश्न निळ्या फॉर्मवर. पण मध्येच कोणी आलं तर निळा फॉर्म खाली सारायचा आणि पिवळा वर घ्यायचा. पिवळ्यावर स्वयंपाकाचे प्रश्न होते. घरात भाकरी किती वेळा होते, शेवटी कोण जेवतं, चूल की गॅस, भाकरी करपली तर काय करता. हे प्रश्न पुण्यात कोणीतरी चहा संपेपर्यंत लिहून काढलेले असावेत. त्यांची उत्तरं कोणी वाचणार नव्हतं. काम संपलं की पिवळे फॉर्म फाडून टाकायचे होते.

“म्हंजे खोटं बोलायचं,” माझ्या शेजारची बाई म्हणाली.

“खोटं नाही,” मॅडम म्हणाल्या. “संरक्षण.”

“हां. आम्ही नर्सा त्याला ‘काही होत नाही, डोळे मीट’ म्हणायचो.”

ही बाई म्हणजे माझी जोडीदार. निवृत्त नर्स, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं दीपनगरच्या क्वार्टरमध्ये राहिलेली, मूळची अमळनेरकडची. सगळे तिला अक्का म्हणत. आमच्या जोडीत कामं वाटलेली होती. मुलाखत मी घ्यायची आणि तेवढा वेळ अक्काने सासू सांभाळायची. प्रशिक्षणाच्या टिपणात हे ‘कुटुंबातील अन्य सदस्यांचे लक्ष अन्यत्र वळवणे’ असं लिहिलं होतं. अक्काजवळ त्यासाठी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं.

आमच्या सुरक्षेचाही विचार झाला होता. प्रत्येक जोडीला एक जीप आणि जीपवाला भाऊ. तो गावाच्या पारावर थांबणार. काही धोका वाटला तर त्याला फोन करायचा आणि कोणाला कळणार नाही असं साधंसं वाक्य बोलायचं, की तो तडक येणार. ते वाक्य मॅडमनी ठरवलं, “आज फार ऊन आहे.”

खान्देशात, एप्रिलमध्ये.

पहिल्या दोन दिवसांत भाऊ तीनदा धावत आला. एकदा मी त्याला पाण्याची बाटली आणायला फोन केला आणि सवयीने बोलून गेले. एकदा अक्का. तिसऱ्यांदा तर त्याचा त्यालाच गोंधळ झाला, कारण फोनवर तोच म्हणाला होता, “ताई, आज फार ऊन आहे, गाडी झाडाखाली लावू का?” आणि मग आपण हे म्हणालो म्हणून घाबरून आला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही वाक्य बदललं. “आज हवा गार आहे.” ते कोणाच्याही तोंडून चुकून निघणं शक्य नव्हतं.

गाव अमळनेर तालुक्यातलं. नाव सांगणार नाही, तशी सही करून दिली आहे. यादीतल्या घरांचे नुसते नंबर आमच्याजवळ होते. पहिल्याच घरी सून ओट्यावर भांडी घासत होती आणि सासू खाटेवर. अक्काने यंत्र काढलं, सासूच्या दंडाला पट्टा बांधला, दाब मोजला, आणि सासू म्हणाली, “आते तिना बी मोज.” मग सुनेचा मोजला. मग शेजारीण आली, तिचा. तासाभरात अक्कापुढे बायकांची रांग लागली आणि जिच्याशी मला बोलायचं होतं ती सून त्या रांगेतल्या सगळ्यांसाठी चहा करायला आत गेली. मी पिवळा फॉर्म भरला.

दुसऱ्या घरी सासरे बाहेर गेले ते खुर्ची आणायला. खुर्ची माझ्यासमोर ठेवून ते बसले आणि सुनेच्या वतीने भाकरीची उत्तरं देऊ लागले. तिसऱ्या घरी पोरं, चौथ्या घरी जाऊ. चार दिवसांत निळे फॉर्म दोन भरले आणि पिवळ्यांचा गठ्ठा संपत आला. मी मॅडमना आणखी पिवळे पाठवा म्हणून फोन केला, तेव्हा त्यांनी निळे किती भरले ते विचारलं.

तोवर गावात एक सर्वे चालू झाला होता आणि तो आमचा नव्हता. तो भाकरीचा होता. सरकार भाकरी मोजतंय, म्हणून कोणी म्हणालं की चूल सांगितली तर नवा गॅस मिळतो. त्यावर दुसरं कोणी म्हणालं की गॅस सांगितला तर आहे तो जातो. ज्यांची घरं यादीत नव्हती त्या बायका रस्त्यात अडवू लागल्या. “आम्ही काय भाकरी खातस नही का?” यादी संगणकाने काढली आहे, असं मी सांगितलं. ते कोणालाच पटलं नाही. खरं तर मलाही ते फारसं समजलेलं नव्हतं.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि लाल पेनने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. “यात बिबडी नाही,” ते म्हणाले. “खान्देशचा सर्वे आणि बिबडी नाही? ज्वारीच्या पापडाला तुम्ही पुण्यात काय म्हणता?” मी माफी मागितली. त्यांनी निष्कर्ष कधी येणार ते विचारलं आणि माझा नंबर लिहून घेतला. आपण ज्याला विश्वासार्हता म्हणतो ती खोट्या फॉर्मने चार दिवसांत कमावली होती.

पाचव्या दिवशी आम्ही गावकुसाजवळच्या एका घरी गेलो. यादीप्रमाणे बोलायचं होतं सुनेशी, पंचविशीतल्या. पण तिच्याशेजारी तिची सासू बसलेली होती, साठीची, सडपातळ, आणि ती हलायला तयार नव्हती. अक्काने यंत्र काढलं. “माले काही नही झायं,” म्हातारी म्हणाली. अक्काने म्हैस कुठे आहे विचारलं. “म्हैस म्हशीना जागावर शे.” अक्काने माझ्याकडे बघून हात टेकले.

मला मनातून राग आला होता. प्रशिक्षणात अशा सासवांना ‘द्वारपाल’ म्हणत. सुनेला एकटी म्हणून बोलू देत नाहीत त्या. मी पिवळा फॉर्म वर घेतला.

“तिले काय इचारस? माले इचार,” म्हातारी म्हणाली. “मन्ही जिंदगी चुलापुढे गई.”

तिला विचारलं. भाकरी दोन टाइम. चूलही आहे आणि गॅसही. घरात शेवटी कोण जेवतं?

“पहिले मी. आते आम्ही दोन्ही संगेच.” तिने सुनेकडे मान केली.

मी लिहिलं. पुढचा प्रश्न, भाकरी करपली तर काय करता?

“आते काय, कुत्राले टाकतस.”

इथे मी चुकले. पिवळ्या फॉर्मवर जास्तीचं काही विचारायचं नव्हतं, कारण ते कोणी वाचणारच नव्हतं. पण तिने ‘आते’ असं काही म्हटलं की माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि पहिले?”

म्हातारीने डावा हात पुढे केला आणि तळवा उघडला. करंगळीपासून मनगटापर्यंतची कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होती, तिच्यावर रेषा नव्हत्या.

“पहिले करपनी का तो मन्हा हात तवावर ठेवे.”

ती हे म्हशीविषयी बोलली होती त्याच आवाजात बोलली. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. सून भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती हे पहिल्यांदाच ऐकते आहे.

माझाही पेन थांबला होता.

“लिख ना,” म्हातारी म्हणाली. “थांबनी कसाले? इतला येळ त लिखी राहिनी व्हती.”

फॉर्मवर त्या प्रश्नाला चार चौकटी होत्या. जनावरांना देतो, टाकून देतो, खातो, इतर. मला काय करावं ते कळेना. तिने मारहाणीवर बोलायला संमती दिलेली नव्हती, मी ती मागितलेलीच नव्हती. वयानेही ती आमच्या अभ्यासात बसत नव्हती, पन्नाशीनंतरच्या बायका त्यात नव्हत्याच. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हाला खऱ्याला खोट्याखाली लपवायला शिकवलं होतं. खोट्याच्या चौकटीत कोणी खरं बोललं तर काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं. मी ‘इतर’वर खूण केली.

“मन्हा आंडोरनी एक डाव इन्हावर हात उचला,” ती पुढे म्हणाली. मुलाने सुनेवर हात उगारला होता, एकदाच. “मी तवा पुढे ठेवा. त्याले सांगं, पहिले तुन्हा हात ठेव आठे, मंग तिले मार.”

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली आणि तोच मुलगा आत आला. मी शिकल्याप्रमाणे निळा फॉर्म खाली सारायला गेले, पण तो खालीच होता. वर पिवळाच होता. सारायला काहीच नव्हतं आणि माझे हात नुसतेच कागदांवर फिरले. म्हातारीने मात्र श्वासही न बदलता वाक्य पुढे नेलं.

“आनि उन्हायामा बिबड्या. लिख, बिबड्या. पाच पायली.”

मी लिहिलं, बिबड्या.

जे शिकवायला पुण्याहून मॅडम आल्या, एसी हॉल घेतला, आम्हाला जोड्या करून नाटकं करायला लावली, ते ही बाई जन्मभर करत आली होती. तिच्यापुढे आम्ही सगळ्या बालवाडीत होतो.

मुलगा साधा वाटला. “भाकरीचा सर्वे का?” म्हणाला. “मग आम्हाले बी इचारा. माले बी भाकर येस.” म्हातारीने त्याला दळणाचा डबा दिला आणि गिरणीवर पाठवलं. तो गेल्यावर ती उठली, पदर झटकला आणि मला म्हणाली, “आते तो खालना निळा कागद काढ. तिले इचार. मी नर्सबाईले म्हैस दाखाडस.”

अक्का माझ्याकडे बघत राहिली आणि म्हातारीमागे निघून गेली.

मी सुनेला संमतीचा मजकूर वाचून दाखवला. कधीही थांबू शकता, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, कोणाला काही कळणार नाही. ती हो म्हणाली. गेल्या वर्षभरात नवऱ्याने मारलं का? नाही. ढकललं का? नाही. जाळण्याची, भाजण्याची धमकी? नाही. घरात कोणाची भीती वाटते का? तिने जरा विचार केला. नाही. निळा फॉर्म दहा मिनिटांत संपला. एवढा स्वच्छ फॉर्म मी तोवर भरला नव्हता.

मी फॉर्म पिशवीत ठेवल्यावर तीच बोलली. “मला सहा वर्षं झाली लग्नाला. त्या म्हणायच्या, पापड तळताना तेल उडालं.” मग तिने भाजीची परात जवळ ओढली आणि पुन्हा निवडायला लागली.

निघताना मुलाखत दिलेल्या बाईला आम्ही एक छोटं कार्ड द्यायचो, बटव्यात मावेल असं. वरून ते आरोग्य सल्ल्याचं वाटे, पण त्यावर मदतीच्या फोनचा नंबर असे. सुनेला मी दिलं. म्हातारीला द्यायचा नियम नव्हता. अक्काने दिलं. अक्का नियम नीट ऐकून घेत असे आणि मग मोडत असे.

म्हातारीने कार्ड उलटसुलट केलं. “आठे कोन बोलस?”

“एक बाई बोलते,” मी म्हटलं. “मारहाण होत असेल तर मदत करते.”

“बरं शे.” तिने फोटोकडे पाहिलं. “येवढा साल कथी व्हती ती?”

एवढी वर्षं ती बाई कुठे होती, हा प्रश्न आमच्या ‘नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नां’मध्ये नव्हता.

संध्याकाळी रोजच्यासारखा मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती आपल्या नमुन्यात नाही. संमती नाही. पिवळ्या फॉर्मवरचं काहीही वापरता येणार नाही.”

“म्हणजे त्या घराची नोंद?”

“सुनेची. हिंसा नाही.”

मी फोन ठेवला आणि लॉजच्या खाटेवर बसून अक्कापुढे मॅडमना वाटेल ते बोलले. अक्काने पायांना तेल चोळत ऐकून घेतलं. “बरोबर बोलली ती,” शेवटी म्हणाली. “तू काय विचारून घेतलं होतं का तिला, की आजी, तुमचं दुःख लिहू का? भाकरी विचारत होतीस तू.” मला ते त्या दिवशी आवडलं नाही. आज तेच मी वर्गात सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला न सांगता त्या घरी गेले. म्हातारी अंगणात होती. मी विचारलं, “आजी, तुमच्या हाताचं कोणाला सांगू का?”

ती म्हणाली, “नाव नको सांगू. बाकी सांग. लपाडीसन काय व्हयनं?” लपवून काय झालं, असं विचारत होती ती. मग तिने विचारलं, “तुन्हा निळा कागद भरातस का नही?”

मी खरं सांगितलं. भरत नाहीत. सासवा उठत नाहीत.

मॅडमना हे मी कधीच कळवलं नाही, म्हणून इथे पहिल्यांदा लिहिते. त्या दिवसापासून त्या म्हातारीच्या अंगणात बिबड्यांचं काम निघालं. ती एकेका घरी जाऊन सासवांना हाक मारून आणायची, मोठ्या पातेल्यात ज्वारी शिजायची, आणि आठ-दहा म्हाताऱ्या ओल्या कापडांवर बिबड्या थापत दुपारपर्यंत बसायच्या. अक्का रक्तदाबाचं यंत्र घेऊन तिथेच. मी गावात एकटी फिरायचे आणि घरोघरी सुना एकट्या सापडायच्या. गोपनीयतेच्या प्रत्येक नियमाला तिथे भोक पडलेलं होतं, आणि तरीही खरा विषय त्या अंगणाबाहेर गेला नाही. काय विचारायचं आहे हे त्यातल्या किती सासवांना माहीत होतं, ते मला माहीत नाही. बिबड्या करताना एकदा मी तिथून गेले तर सगळ्याजणी बोलायच्या थांबल्या आणि एकीने मला पातेल्यातला शिजलेल्या ज्वारीचा गरम चीक वाटीत घालून दिला.

निळे फॉर्म भरले. त्यांत काय होतं ते इथे लिहिणार नाही. त्या बायकांनी मला ते एका अटीवर सांगितलं आहे. एवढंच सांगते की त्या आठवड्यात दोनदा मी मध्येच मुलाखत थांबवली, कारण माझ्याच्याने पुढचा प्रश्न वाचवेना, आणि दोन्ही वेळा समोरची बाई म्हणाली, पाणी देऊ का.

धुळ्याला घरी गेल्यावर माझ्या सासूबाईंनी विचारलं, “काय विचारता गं खेड्यात जाऊन?” घरीही विषय सांगायचा नव्हता. मी म्हटलं, “स्वयंपाकाबद्दल.” त्या म्हणाल्या, “त्याला एम.एस.डब्ल्यू. लागतं?”

पिवळे फॉर्म आम्ही अमळनेरच्या लॉजवर दोन साक्षीदारांसमोर फाडले. साक्षीदार म्हणजे मी आणि अक्का. ‘इतर’वर खूण केलेला फॉर्म हातात आला तेव्हा मी त्याचे जरा जास्त तुकडे केले. अहवालात आमच्या जोडीचं ‘उत्कृष्ट क्षेत्रव्यवस्थापन’ म्हणून कौतुक आलं. ते घर त्यात होतं. तक्त्यात त्याची भर शून्याची होती.

एवढ्यावर संपलं असतं. पण नियमांत आणखी एक नियम होता, की ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निष्कर्ष कळवायचे. आणि गुरुजी दर पंधरा दिवसांनी फोन करत होते. खरे निष्कर्ष गावात सांगितले तर बोललेल्या बायकांची चामडी सोलली जाणार. आणि भाकरीचे निष्कर्ष फाडून झालेले. मॅडम म्हणाल्या, “आहारावर काहीतरी सर्वसाधारण बोला.”

डिसेंबरात गावात कार्यक्रम झाला. गुरुजी अध्यक्ष. नारळ फुटला, मला शाल मिळाली. हवा गार होती आणि ते मी माइकवर बोलून गेले. मंडपाच्या मागून भाऊ दचकून उठल्याचं मला दिसलं. मी लोह आणि पालेभाज्यांवर बोलले. बोलण्यासारखं संपलं आणि समोर बायका बसलेल्या दिसल्या, तेव्हा मी एवढंच म्हटलं की या गावात बहुतेक घरांत बाई शेवटी जेवते. बायका हसल्या. एक पुरुष म्हणाला, “यात सर्वे कसाले पाहिजे व्हता?” गुरुजींनी त्याला गप्प केलं आणि आभार मानले.

मी गर्दीत त्या म्हातारीला शोधलं. सून भेटली. म्हणाली, सासूबाई बोदवडला लेकीकडे गेल्या आहेत, तिला दिवस गेलेत, बाळंतपण झाल्याशिवाय येणार नाहीत. लेकीकडच्या सासूशी त्यांचं अजिबात पटत नाही, तरी ठाण मांडून बसल्या आहेत. मला हसू आलं आणि त्या सासूची थोडी काळजीही वाटली.

मग जेवणं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. पहिली पंगत गुरुजी, सरपंच, गावातले मोठे, आणि आम्ही. मी म्हटलं, “आम्ही बायकांबरोबर बसतो नंतर.” गुरुजी ऐकेनात. “छे छे, तुम्ही पाहुण्या.” बायका वाढायला उभ्या होत्या. अक्का केव्हाच बसली होती, तिने पाटाशेजारची जागा थोपटली.

“बस,” ती हळूच म्हणाली. “गरम आहे तोवर खा.”

मी बसले. भाकरी पातळ आणि खरपूस होती. वाढणारीने आग्रह केला तेव्हा मी आणखी एक घेतली.